सायकल माझ्या मापाची!

“कुणासाठी बघायची, ताई? मुलासाठी की मुलीसाठी?”

“माझ्यासाठी.”

दुकानातल्या मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्याकडे. ह्यांनी मान हलवली तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. मग तो आम्हाला एका कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे गुलाबी, जांभळ्या, पुढे जाळीची टोपली लावलेल्या सायकली ओळीने उभ्या होत्या. “लेडीज ह्या सगळ्या. कलर कोणता दाखवू?”

मैत्रिणींनो, शिरड शहापूरहून एवढा प्रवास करून मी त्या मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गेले होते, ते रंग निवडायला नव्हे! मला रोज वीस-पंचवीस किलोमीटर आणि महिन्यातून एखाद्या रविवारी शंभर किलोमीटर चालवता येईल अशी सायकल हवी होती. माझी उंची किती, पायाची लांबी किती, रस्ता कसला, एका दमात किती अंतर जाणार, यातलं त्या मुलाने काहीही विचारलं नाही. साधा ब्लाउज शिवायला टाकला तरी शिवणारी बाई दहा ठिकाणी टेप लावते. दरवर्षीचं गिऱ्हाईक असलं तरी म्हणते, “वहिनी, माप परत घेऊ द्या, थोडं वाढल्यासारखं वाटतंय.” आणि जिच्यावर तासन्‌तास बसायचं ती पंचवीस-तीस हजारांची वस्तू मात्र ‘लेडीज’ या एकाच मापात!

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. एसटीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. दुकानदाराने माप विचारलं नाही हे खरं. पण मी तरी कुठे सांगितलं? मलाच माझं माप माहीत नव्हतं.

आता ही बाई सेहेचाळिसाव्या वर्षी सायकलच्या मागे का लागली, असं तुम्हाला वाटेल. तर तीही गोष्ट सांगते. लहानपणी मी वडिलांच्या काळ्या सायकलीवर दांडीखालून पाय घालून शिकले. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, तो १९९९ साली झाला. आमचं सगळं परभणीच. चौकात भाड्याची सायकल रुपयाला तासभर मिळायची. गुडघे फोडून घेतले, पण हात सोडून चालवण्यापर्यंत मजल गेली होती! दहावी झाली आणि ‘आता मोठी झालीस’ म्हणून सायकल सुटली. पुढे नांदेडला बी. ए. केलं, लग्न झालं, मुलं झाली, बचत गटाच्या कामात पडले. पंचवीसेक वर्षं सायकलला हात लावला नाही. मग तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून सांगितलं, “साखर अगदी काठावर आहे, हालचाल वाढवा.” चालायला जायचा कंटाळा यायचा. मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला होता आणि त्याची गिअरची सायकल ओसरीत धूळ खात पडली होती. एक दिवस पहाटे ती काढली.

पहिले चार दिवस स्वर्ग! पहाटेचा गार वारा, दोन्हीकडे हळदीची वावरं, मल्लिनाथांच्या मंदिराचं शिखर मागे पडतंय आणि औंढ्याचा रस्ता समोर मोकळा. पाचव्या दिवसापासून मात्र बोटांना मुंग्या यायला लागल्या. मान आखडली. उजवा गुडघा जिना चढताना कुरकुरायला लागला. बसण्याच्या जागेचं दुखणं तर कुणाला सांगायचीही सोय नाही! मी मनाशी म्हटलं, वय झालं बाई तुझं. आणि गंमत बघा, सायकल चुकीची असेल असं मला एकदाही वाटलं नाही. वस्तू बरोबर आणि आपलं शरीर चुकीचं, हे आपण बायका किती लवकर कबूल करून टाकतो! चपलेपासून ओट्याच्या उंचीपर्यंत आपलं सगळं असंच चालतं.

डोळे उघडले ते आमच्या गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्या चाचांनी. हवा भरायला गेले, तर मी सायकलवर बसते कशी ते ते बघत राहिले. म्हणाले, “भाभी, गाडी चांगलीय, पण तुमच्या मापाची नाही. हँडल धरायला तुम्ही लोंबताय. हाताला मुंग्या येत असतील, काय?” मी थक्क! या माणसाचं शिक्षण चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं माणसं सायकलीवर बसताना बघितलेली. त्यांनी सीट खाली घेतलं, थोडं पुढे सरकवलं आणि सांगितलं, “थोडा आराम पडेल. पण दांडी काही कापून लहान करता येत नाही.”

मग मी जे शिकले ते सांगते, कारण हे मला त्या दुकानात जाण्याआधी कळलं असतं तर फेरा वाचला असता. आडव्या दांडीची सायकल असेल तर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट उभं राहायचं. दांडी आणि आपण यांच्यामध्ये दोन-तीन बोटं तरी अंतर राहिलं पाहिजे. मग सीटवर बसून, भिंतीचा आधार घेऊन, पायडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. गुडघा सरळ झाला तर सीटची उंची बरोबर. पायडल मारताना आपण चवड्याने मारतो, तेव्हा गुडघ्यात थोडा बाक उरतो आणि तो उरायलाच हवा. आपल्याकडे बायकांना दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकं सीट खाली करून देतात. ‘पडायची भीती नको’ म्हणून! आणि मग गुडघे दुखतात म्हणून महिन्याभरात सायकल बंद. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो, ही सवय दोन दिवसांत लागते. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताठ झाले तर सायकल लांब आहे. दुकानदार कितीही म्हणू दे, “सवय होईल, ताई,” ती होत नाही. मुंग्या येतात.

‘लेडीज’ सायकल वाईट असं मला म्हणायचं नाही. ती खाली वाकलेली दांडी मुळात घोळदार कपड्यांसाठी आली. साडी नेसून दूध घालायला, शाळेत, शेतात जायचं तर तिच्यासारखी सोय नाही. पण ती बहुधा जड असते आणि लांबच्या पल्ल्याला प्रत्येक किलो पायाला कळतो. अमेरिकेत अॅनी लंडनडेरी नावाची एक बाई होऊन गेली. तीन लेकरांची आई. १८९४ साली ती सायकल घेऊन जगप्रवासाला निघाली, ती ४२ पौंडांची म्हणजे जवळजवळ १९ किलोची लेडीज सायकल आणि लांब झगा अशा थाटात. शिकागोपर्यंत जाता जाता तिचा जीव मेटाकुटीला आला. तिथे तिने ती सायकल दिली आणि निम्म्या वजनाची, २१ पौंडांची पुरुषांची सायकल घेतली, झगाही सोडला आणि मगच पुढची वाट धरली. (बराचसा प्रवास तिने बोटीने आणि रेल्वेने केला म्हणून लोक तिला नावं ठेवतात. ठेवू देत. घरातून निघाली होती ना!)

आणि आपल्याकडचं उदाहरण हवं तर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचं घ्या. १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत तिथल्या हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. तेव्हा लेडीज सायकली पुरेनात म्हणून बायकांनी जेन्टस सायकली घेतल्या आणि पुढे कित्येकींना त्याच आवडायला लागल्या. का? तर त्या आडव्या दांडीवर लेकराला बसवता येतं! दुकानदाराने कोपरा ठरवण्याआधी बाईला विचारलं की अशी उत्तरं मिळतात.

दुसऱ्या वेळी मी चिठ्ठी लिहून नेली. माझी उंची, पायाच्या आतल्या बाजूची लांबी, रस्ता, अंतर, पैसे किती ते सगळं. दुकानही वेगळं होतं. तिथल्या मुलाने आधी मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेल्या हँडलची, अगदी बारीक टायरची सायकल दाखवली. तिला म्हणतात रोड बाइक. हलकी तर इतकी की एका हाताने उचलली! मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण आमचा रस्ता डोळ्यांसमोर आला. मुख्य रस्ता चांगला असला तरी गावात शिरताना खडी, पावसाळ्यात खड्डे, उसाच्या दिवसांत सांडलेली टिपरं. मी सरळ हँडलची, मधल्या जाडीच्या टायरची, हायब्रिड म्हणतात ती घेतली. जिला गुळगुळीत महामार्गच आहे आणि कंबर वाकवून बसायला जमतं तिने खुशाल रोड बाइक घ्यावी. लांबच्या पल्ल्याला वाऱ्याशी झगडायचं तर तिच्यासारखं सुख नाही, असं ती चालवणाऱ्या सांगतात.

गिअर किती, हा प्रश्न दुकानात सगळे विचारतात. एकवीस की सत्तावीस? मला विचाराल तर आकड्याला अर्थ नाही. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते बघा. औंढ्याच्या बाजूला चढ लागतो तेव्हा तोच एक कामाला येतो. आणि हवा भरायच्या व्हॉल्व्हकडे जरूर बघा! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काही महागड्या सायकलींना बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो, प्रेस्टा म्हणतात त्याला. आपल्या गावच्या दुकानातला पंप त्याला लागतच नाही. त्यासाठी पितळेचं एक इवलंसं अडॅप्टर मिळतं, करंगळीच्या नखाएवढं. ते पिशवीत नसलं तर तीस हजारांची सायकल हातात धरून पायी घरी! माझं तसंच पहिल्याच आठवड्यात झालं. म्हणून मी म्हणते, सायकल घेताना तिची दुरुस्ती जवळ कोण करणार ते आधी बघायचं. डिस्क ब्रेकचे दोन प्रकार असतात. तेलावर चालणारे आमच्या चाचांना जमत नाहीत, तारेचे जमतात. मी तारेचे घेतले. तेलाचे जास्त चांगले असतीलही, पण ब्रेकसाठी मी दर वेळी नांदेड गाठू काय?

सीटबद्दल थोडं स्पष्टच लिहिते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही आणि कित्येकजणी यामुळेच सायकल सोडतात. आपल्याला वाटतं गादीसारखं मऊ सीट चांगलं. दहा मिनिटांपुरतं ते बरं वाटतं. तासाभराने आपण त्यात रुततो आणि नको तिथे दाब येतो. बसण्याची दोन हाडं असतात, त्यांना आधार मिळेल इतकं रुंद आणि बऱ्यापैकी घट्ट सीट हवं. बायकांची ही हाडं बहुधा पुरुषांपेक्षा जरा लांब लांब असतात, म्हणून पुरुषांच्या सायकलीचं अरुंद सीट आपल्याला टोचतं. मधोमध खाच असलेलं सीट मिळतं, मला ते मानवलं. आणि आतून गादी शिवलेली सायकलची चड्डी मिळते, ती घ्याच. ती सलवारच्या आत घालता येते, कुणाला कळतही नाही. मात्र तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, नाहीतर शिवण घासून जखम होते. मी हे दुकानातल्या मुलाला विचारू शकले नाही आणि त्यालाही सांगवलं नाही. दोघंही लाजलो आणि माझे पहिले पंधरा दिवस वाया गेले! ओढणी घरी ठेवायची किंवा कमरेला घट्ट बांधायची. चेनमध्ये ओढणी गेली तर काय होतं ते लिहायला नको.

पाण्याचंही तसंच. लांब जायचं म्हणजे दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्यायला पाहिजे, आमच्या उन्हात तर पाहिजेच. पण बाया पीत नाहीत. का, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वाटेत जायचं कुठे? पुरुषांचं काय, झाड दिसलं की झालं! मी पहिल्या लांबच्या फेरीत चार तास तशीच काढली आणि आठवडाभर लघवीची जळजळ भोगली. आता निघण्याआधी वाटेतले पेट्रोल पंप बघून ठेवते. पंपावर स्वच्छतागृह असतं. किल्ली मागायची, न लाजता मागायची. सायकलच्या सामानाच्या याद्या मी कितीतरी वाचल्या. चष्मे, हातमोजे, वेग दाखवणारी घड्याळं सगळं त्यात असतं. हे मात्र कुठल्याही यादीत नसतं.

हेल्मेट आणि दिवा यांत मात्र काटकसर नको. सायकलला हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, म्हणून कुणी घालत नाही. अंबाड्यावर ते बसतही नाही, वेणी खाली मानेवर बांधावी लागते. आमच्या भागात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात, मागे ना दिवा ना लाल पट्टी. त्या आपल्याला दिसत नाहीत आणि आपण त्यांना. मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, एवढं असल्याशिवाय मी अंधारात निघत नाही. खिशाला चाट बसते ती दिव्यांनी नाही बसत. ती बसते एकसारखे रंगीत टी-शर्ट, महागडे बूट आणि पायडलला बूट अडकवायची व्यवस्था, या हौशीने. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पुरी केली. तेव्हापासून आपल्याकडेही शहराशहरांत सायकलवाल्यांचे गट झाले. चांगलंच झालं. पण काही गटांत सायकल चालवण्यापेक्षा सायकलची किंमत सांगण्यातच सकाळ जाते, असं माझं आपलं मत.

आता पैशांचं. सायकल सत्तावीस हजार, हेल्मेट अठराशे, दिवे बाराशे, चड्डी दीड हजार, पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरचं सामान नऊशे. एकूण बत्तीस हजार चारशे. माझ्या भिशीचे पैसे. (सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. मी त्याआधीच घेऊन मोकळी झाले होते, आमचं नशीब!) घरी कळलं तेव्हा पहिलं वाक्य आलं, “एवढ्यात जुनी स्कूटी आली असती की!” आली असती. पण साखर स्कूटीने कमी होत नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “कामून गं, पोरं शिकायचीत अजून, एवढा पैसा सायकलीत?” याच वहिनींनी माझ्या चुलत नणंदेच्या लग्नात घेतलेली पैठणी हातात घेऊन, उलटीसुलटी करून कौतुक केलं होतं. ती पैठणी तीन वर्षांत दोनदा नेसले. त्या खर्चाचा हिशेब आजवर कुणी विचारला नाही, कारण साडीत बाई घरच्यांना शोभते. सायकलवर ती एकटीच दिसते. खरी अडचण पैशांची नाहीच, असं मला आता वाटतं. बाईने फक्त स्वतःच्या शरीरासाठी, स्वतःच्या आनंदासाठी, घरात दुसऱ्या कुणाला वापरताही येणार नाही अशी तिच्या मापाची वस्तू घ्यायची, ही कल्पनाच आपल्याला पचत नाही. मिक्सर घेतला असता तर कुणी काही बोललं नसतं!

ज्यांच्याकडे भिशी नाही त्यांनी काय करायचं, असं कुणी विचारील. बरोबर आहे. जुनी सायकल बघा. शहरात हौसेने घेतलेल्या आणि वापरलेल्याच नाहीत अशा सायकली निम्म्या किमतीत निघतात. फक्त पावती मागा, चौकटीला कुठे तडा किंवा नवा रंग नाही ना ते बघा, चाक फिरवून डुलतंय का ते बघा. आणि निम्म्या किमतीत मिळते म्हणून दोन इंच मोठी घेऊ नका. तो मोह फार वाईट.

माझ्या मनाला जास्त लागतं ते आमच्या मुलींचं. मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून लांबच्या गावांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. आपला हिंगोली जिल्हा पहिल्यापासून त्या कार्यक्रमात आहे. अनुदान आधी साडेतीन हजार होतं, २०२२ मध्ये पाच हजार झालं. योजना मोलाची आहे, तिने कितीतरी मुलींचं शिक्षण टिकवलं. पण बचत गटाच्या कामाने मी वस्त्यांवर जाते तेव्हा एक गोष्ट दिसते. सायकल वडील जाऊन आणतात. आठवीतली साडेचार फुटी पोर आणि बारावीला निघालेली ताडमाड पोर, दोघींना एकच माप. एका वस्तीवर नववीतली मुलगी चार महिने शाळेत पायी जात होती आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली होती. मी विचारलं तर म्हणाली, “पाय पुरत नाहीत, ताई. आन्‌ बिरेक बी लागत नाही. एकदा पडले तर बापानं म्हणलं, राहू दे.” चाचांना घेऊन गेले. सीट खाली केलं, ब्रेकची तार आणि रबरं बदलली. खर्च झाला एकशे ऐंशी रुपये. चार महिन्यांची पायपीट आणि मधल्या किती गैरहजेऱ्या, एकशे ऐंशी रुपयांसाठी! तेव्हापासून आमच्या गटाने ठरवलं आहे, पावती करायच्या आधी मुलगी स्वतः दुकानात गेली पाहिजे आणि सायकलवर बसून, एक चक्कर मारून तिनेच ‘हो’ म्हटलं पाहिजे. सुरुवातीला बाप लोक हसले. “पोरीला काय कळतं?” तिला एवढं कळतं की पाय पुरतो की नाही!

शाळांनीही वर्षातून दोनदा, निदान जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, एखाद्या मिस्त्रीला अर्धा दिवस शाळेत बसवावं. पोरी वाढतात, सीट तिथंच राहतं. ते वर घ्यायला एक पान्हा आणि दोन मिनिटं लागतात.

या सगळ्या खटाटोपात मला धीर दिला तो पुण्याच्या प्रीती मस्के यांच्या बातमीने. आजारपण आणि नैराश्य यांतून बाहेर पडायला त्यांनी चाळिशीत सायकल धरली. २०२२ च्या जूनमध्ये त्यांनी लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत पार केले, तेव्हा त्या ४५ वर्षांच्या, दोन मुलांच्या आई होत्या. पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी, विरळ हवा, वाटेत प्राणवायूही घ्यावा लागला. मी काही लेहला निघालेली नाही! पण ‘आता या वयात’ हे वाक्य माझ्या तोंडून गेलं ते तेव्हापासून. ज्यांना हिशेबात चालवायला आवडतं त्यांच्यासाठी ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचले ते सगळे सारखेच. हेल्मेट, पुढे-मागे दिवे, चमकणारं जॅकेट सक्तीचं. पंक्चर आपलं आपण काढायचं. मला हे फार आवडलं, कारण आपण बायका आयुष्यभर ते करतोच आहोत. अजून नाव दिलेलं नाही. आधी पंक्चर काढायला शिकतेय. मागच्या चाकाचं मला अजून पाऊण तास लागतं आणि हात काळे होतात ते भाकरी थापायच्या वेळेपर्यंत निघत नाहीत.

मागच्या फेब्रुवारीत नांदेडला जाऊन आले, सायकलवर, एका दिवसात. जाऊन-येऊन शंभराच्या आसपास. सोबत गटातल्या दोघी होत्या. वसमतच्या अलीकडे सगळीकडे हळद शिजत होती, तो वास नाकात भरून घेत गेलो. गुरुद्वारात लंगरमध्ये जेवलो. परतताना वारा समोरून होता. शेवटचे दहा किलोमीटर मी रडकुंडीला आले होते हेही सांगते, पण बोटांना मुंग्या नव्हत्या आणि गुडघा गप्प होता.

घरी पोचले तर सासूबाई दारातच. त्यांनी सायकलला गोल चक्कर मारली, दिवे दाबून बघितले, सीट चिमटीत धरून बघितलं. मग म्हणाल्या, “एवढा पैसा दिलास अन्‌ मागं कॅरेज नाही? श्रावणात नागनाथाला नारळ न्यायचं असलं तर ठेवणार कुठं?”

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेले. ते हसून म्हणाले, “भाभी, या सायकलीला कॅरेज लावत नसतात, वजन वाढतं.” मी म्हटलं, “लावा. नारळाचंच वजन आहे.”